मॉट की पायर्ल्स? : एका प्रश्नाची उलटतपासणी

काही वर्षांपूर्वी एका गावातल्या विज्ञानप्रेमी मंडळात मी व्हॅनेडियम डायऑक्साइडवर बोललो होतो. निळसर काळ्या रंगाचा, दिसायला अगदी सामान्य असा हा पदार्थ ६८ अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की विसंवाहकाचा धातू होतो. वितळत नाही, जळत नाही, रासायनिक घटक बदलत नाहीत. पण चांगल्या स्फटिकात विद्युतरोध एकदम दहा हजार ते लाख पटींनी कोसळतो. हात पोळेल एवढ्या गरम पाण्याच्या तापमानाला हे घडते, त्यामुळे भाषणाला हा विषय सोयीचा. फळ्यावर मी ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘मॉट विसंवाहकाचे उत्तम उदाहरण’.

भाषण संपल्यावर मागच्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक उठले. म्हणाले, “तुम्ही सांगता की प्रत्येक व्हॅनेडियमवर एकेक इलेक्ट्रॉन अडकून बसतो. एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे एक बारीकसा चुंबक. मग थंड असताना तुमच्या पदार्थात हे चुंबक दिसायला हवेत. कुठे आहेत ते?”

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. सर समजूतदार, त्यांनी ताणले नाही. पण घरी येताना एस.टी.त मला कळून चुकले होते की फळ्यावरचे ते वाक्य मी कुठल्याशा लेखावरून उचलले होते, तपासले नव्हते. हा निबंध त्या वाक्याच्या तपासणीतून निघाला. तपासता तपासता माझे लक्ष पदार्थाइतकेच त्याच्यावरच्या लिखाणाकडे गेले, कारण साठ वर्षांच्या या वादात एका साध्या ‘की’ने, ‘हे की ते’ मधल्या ‘की’ने, घातलेला घोळ मोठा आहे असे माझे मत झाले.

प्रश्न काय आहे ते आधी. व्हॅनेडियमच्या अणूपाशी बाहेरचे पाच इलेक्ट्रॉन असतात. दोन ऑक्सिजन मिळून त्यांतले चार घेतात, एक उरतो. १९३१मध्ये विल्सनने पट्टा-सिद्धांताच्या आधारे धातू आणि विसंवाहक यांत जो भेद केला त्यानुसार इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा पट्टा अर्धवट भरलेला असेल तर पदार्थ धातू, पूर्ण भरलेला असेल आणि वरच्या पट्ट्यापर्यंत फट असेल तर विसंवाहक. अणूमागे एक इलेक्ट्रॉन म्हणजे अर्धवट भरलेला पट्टा, म्हणजे धातू. ६८ अंशांच्या वर हे खरे आहे. खाली खोटे का ठरते?

पहिले उत्तर असे. थंड झाल्यावर व्हॅनेडियमचे अणू जोड्या जमवतात. गरम अवस्थेत ते एका सरळ साखळीत सारख्या अंतरावर, सुमारे २.८५ आंगस्ट्रॉमवर, उभे असतात. (आंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) थंड अवस्थेत हेच अंतर आलटून पालटून सुमारे २.६ आणि ३.१-३.२ होते, आणि जोड्या किंचित तिरक्याही होतात. अणू जोडीने आले की आवर्तनाची लांबी दुप्पट होते, पट्ट्याच्या मधोमध फट पडते, खालचा अर्धा पूर्ण भरतो. एका मितीतली साखळी अशी जोड्या जमवण्याकडे आपोआप झुकते, हे पायर्ल्सने १९५५च्या आपल्या घनपदार्थांच्या पुस्तकात मांडले. म्हणून हे ‘पायर्ल्स’ उत्तर.

दुसरे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाचे. एका अणूवर आधीच एक इलेक्ट्रॉन असताना दुसऱ्याने तिथे यायचे तर ऊर्जेचा दंड भरावा लागतो. दंड मोठा असेल तर कोणीच हलत नाही. पट्टा अर्धवट भरलेला असूनही वीज वाहत नाही. नेव्हिल मॉटने १९४९पासून हा विचार वाढवला, हबर्डने १९६३मध्ये त्याला नेमके गणिती रूप दिले, आणि मॉटला १९७७चे नोबेल मिळाले त्यामागे हेही काम होते. म्हणून हे ‘मॉट’ उत्तर.

इथे इतिहासातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३७मध्ये ब्रिस्टलच्या परिषदेत द बूर आणि व्हर्वे या डच संशोधकांनी निकेल ऑक्साइडसारखे पदार्थ पुढे ठेवले. पट्ट्यांच्या हिशेबाने ते धातू असायला हवे होते, प्रत्यक्षात विसंवाहक होते. चर्चेत ‘हे इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणामुळे असेल’ असे सुचवणारा माणूस होता पायर्ल्स. मॉटने ते टिपून छापले, दोघांच्या नावाने. म्हणजे आज ज्याला आपण मॉटची कल्पना म्हणतो ती पहिल्यांदा बोलून दाखवली पायर्ल्सने. आणि पुढच्या पिढ्यांनी या दोघांना अखाड्याच्या दोन टोकांना उभे केले!

आता लिखाणाकडे. मला कोणी शिकवणारे नव्हते, त्यामुळे शोधलेख वाचायची माझी रीत घरगुती आहे : आधी शीर्षक चार वेळा वाचायचे, मग शेवट, मग आकृत्या. या विषयात ही रीत फळाला आली, कारण इथली शीर्षके फार बोलकी आहेत.

सुरुवात मॉरिनपासून. बेल प्रयोगशाळेत त्याने १९५९मध्ये टायटॅनियम आणि व्हॅनेडियमची ऑक्साइडे मोजली आणि ही उडी जगासमोर आणली. मात्र त्याच्या शीर्षकात म्हटले होते की ही ऑक्साइडे नील तापमानाला, म्हणजे प्रतिलोहचुंबकी क्रम मोडतो त्या तापमानाला, धातू होतात. व्हॅनेडियमच्या दुसऱ्या ऑक्साइडाबाबत, ज्यात दोन व्हॅनेडियमला तीन ऑक्सिजन असतात, हे खरे आहे. आपल्या डायऑक्साइडाबाबत मात्र असा चुंबकी क्रम नाहीच. उलट थंड झाल्यावर त्याची चुंबकी ग्राह्यता एकदम घटते. म्हणजे या पदार्थाच्या पहिल्याच शोधलेखाचे नाव त्याला लागू पडत नव्हते. माझ्या फळ्यावरच्या वाक्याला एवढा तरी थोर पूर्वज आहे.

१९७१मध्ये जॉन गुडइनफने (हाच पुढे लिथियम बॅटरीसाठी २०१९च्या नोबेलचा मानकरी झाला) लिहिलेल्या लेखाचे शीर्षक होते : या संक्रमणाचे दोन घटक. मला अजूनही हे शीर्षक सगळ्यांत प्रामाणिक वाटते. त्याचे म्हणणे असे. साखळीच्या दिशेने पसरलेला एक पट्टा आहे, आणि ऑक्सिजनांशी गुंतलेला दुसरा एक पट्टा त्याच्यावर आंशिक चढलेला आहे. गरम अवस्थेत तो एक शिल्लक इलेक्ट्रॉन दोघांत वाटला जातो. नुसत्या जोड्या जमल्याने पहिला पट्टा दुभंगेल, पण दुसरा पट्टा तिथेच राहिला तर वीज वाहतच राहील. तो दुसरा पट्टा वर ढकलण्याचे काम अणूंच्या तिरके होण्याने होते. जोडी आणि तिरकेपणा, दोन्ही हवेत. पायर्ल्सची एकमितीय साखळी इथे सरळ चालत नाही, हे गुडइनफच्या या दोन घटकांतच दडलेले आहे.

१९७५मध्ये झिल्बरश्टाइन आणि खुद्द मॉट यांनी उत्तर दिले : एवढ्याने एवढी मोठी फट पडणार नाही, प्रतिकर्षण मुख्य आहे, गरम अवस्थेत दुसऱ्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन ते प्रतिकर्षण झाकून टाकतात, थंड अवस्थेत तो पट्टा रिकामा झाला की झाकण निघते. हा युक्तिवाद चतुर आहे. पण माझ्या मते त्या दोन वर्षांतले सर्वांत महत्त्वाचे काम दुसरीकडेच झाले.

पूजे, लोनुआ, राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४मध्ये व्हॅनेडियमच्या जागी थोडेसे क्रोमियम घातलेले स्फटिक तपासले. त्यात थंड अवस्थेची एक सावत्र बहीण सापडते, तिला एम-२ म्हणतात; नेहमीची ती एम-१. एम-१मध्ये सगळ्या साखळ्या जोड्याही जमवतात आणि तिरक्याही होतात. एम-२मध्ये कामाची वाटणी झालेली असते : निम्म्या साखळ्यांत जोड्या जमतात पण तिरकेपणा नसतो, उरलेल्या निम्म्या नागमोडी होतात, पण त्यांच्यातले अंतर सारखेच, सुमारे २.९ आंगस्ट्रॉम, राहते. तिथे जोडीच नाही.

पायर्ल्सचे म्हणणे पूर्ण खरे असेल तर या जोडी नसलेल्या निम्म्या साखळ्यांतून वीज वाहायला हवी. वाहत नाही. एम-२ही विसंवाहकच आहे. शिवाय केंद्रीय चुंबकी अनुस्पंदनाच्या मोजमापात त्या साखळ्यांवर प्रत्येक अणूपाशी एकेक चुंबक बसलेला आढळला. प्राध्यापक सर विचारत होते ते चुंबक इथे होते!

आक्षेप येणार होताच : क्रोमियमची भेसळ आहे, तिच्यामुळे असेल. म्हणून १९७५मध्ये याच गटाने शुद्ध स्फटिकावर एका दिशेने दाब दिला. क्रोमियम नाही, काही नाही. नुसत्या दाबाने तीच एम-२ अवस्था मिळाली. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, जी मला निर्णायक वाटते. एम-२ आणि एम-१ यांच्या मध्ये एक तिसरी, त्रिनताक्ष अवस्था येते. तिच्यात ती नागमोडी साखळी हळूहळू जोड्या जमवू लागते आणि जसजशा जोड्या घट्ट होतात तसतसे चुंबकत्व विरत जाते. विसंवाहकपणा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे तसाच. वीज अडवण्याचे काम जोड्या जमण्याच्या आधीच झालेले असते. जोडी फक्त चुंबक मिटवते.

एवढे झाल्यावर वाद संपायला हवा होता. संपला नाही, आणि याचे कारण शोधताना मी १९९४च्या लेखावर येऊन थांबलो. वेंट्झकोविच, शुल्झ आणि अ‍ॅलन यांचा तो लेख. शीर्षक : व्हॅनेडियम डायऑक्साइड : पायर्ल्स की मॉट-हबर्ड? पट्टा-सिद्धांतातून एक दृष्टी. आपला ‘की’ इथे छापून अमर झाला.

लेख वाईट नाही, चांगला आहे. संगणकात अणू मोकळे सोडून त्यांनी दाखवले की प्रतिकर्षणाला सरासरीने धरणाऱ्या साध्या गणितातूनही एम-१ची जोड्यांची, तिरकी रचना आपोआप बाहेर पडते. त्या काळच्या संगणकांवर ही कमाई मोठी होती. फट मात्र पुरती उघडली नाही. दोन्ही पट्टे जेमतेम एकमेकांत अडकून राहिले. ही पद्धत फटी नेहमीच कमी दाखवते, हे सर्वज्ञात आहे. म्हणून लेखकांनी ठरवले की कौल पायर्ल्सच्या बाजूने. काही महिन्यांतच राइस, लोनुआ आणि पूजे यांनी टिपण लिहून विचारले : आणि एम-२चे काय? वीस वर्षांपूर्वी मोजलेल्या गोष्टीची आठवण त्यांना पुन्हा करून द्यावी लागली.

मला लेखाच्या निष्कर्षापेक्षा त्याच्या प्रश्नाचे घडण खटकते. ‘की’ म्हटले की दोनच दारे उरतात, आणि साक्षीदार एकच बोलावला जातो : एम-१. एम-१ हा साक्षीदारच असा की दोन्ही पक्षांना पटेल असे बोलतो. त्याला जोडीही आहे, फटही आहे, चुंबक नाही. अशा साक्षीदाराला बोलावून ‘हे की ते’ विचारणे म्हणजे निकाल आधी लिहून ठेवण्यासारखे. आणि गंमत पाहा : याच तिघांनी, कॅनफिल्डसह, १९९३मध्ये गरम, धातू अवस्थेचा विद्युतरोध ८४० केल्विनपर्यंत मोजलेला होता. तो सरळ रेषेत वाढतच जातो, कुठे थबकत नाही; त्यावरून काढलेले इलेक्ट्रॉनाचे मुक्त अंतर अणूंमधल्या अंतराच्या घरात येते, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा धावतोय ही कल्पनाच डळमळते. साध्या पट्ट्यांचा धातू असे वागत नाही. एका वर्षी त्यांनी धातू अवस्था विचित्र आहे असे लिहिले, पुढच्या वर्षी विसंवाहक अवस्था साधी आहे असे लिहिले. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले तर वाटते की, अवघड भाग कदाचित सगळे शोधत होते त्याच्या उलट्या बाजूला आहे.

यानंतरच्या शीर्षकांवर एक नजर टाकतो, फार रेंगाळत नाही. २००४, कावालेरी आणि सहकारी : रचनेमुळे घडणाऱ्या संक्रमणाचा पुरावा, अतिशीघ्र कालमानातून एक दृष्टी. लेझरच्या ठोक्याने पदार्थ धातू होतो, पण ८० फेम्टोसेकंदांपेक्षा लवकर कधीच होत नाही. आणि हा साधारण जाळीच्या एका आंदोलनाचा अर्धा काळ आहे. २००५, हावरकोर्ट आणि सहकारी : कक्षकांच्या साहाय्याने होणारे संक्रमण. त्याच वर्षी बियरमान, पोतेर्याएव, लिश्टेनश्टाइन आणि जॉर्ज : सहसंबंधांच्या साहाय्याने होणारे पायर्ल्स संक्रमण. २००७, काझिलबाश आणि सहकारी : मॉट संक्रमण उघड झाले. २०११, आयर्ट : पट्टा-सिद्धांतातून एक नवी दृष्टी. ‘दृष्टी’, ‘साहाय्याने’, ‘उघड झाले’. एकाच पदार्थाबद्दल आठ वर्षांत जाळी, कक्षक, सहसंबंध, मॉट आणि पुन्हा पट्टे. प्रत्येकाच्या हाती एक उपकरण आहे आणि पदार्थ प्रत्येकाला त्याच्या उपकरणाच्या भाषेत उत्तर देतो. हे प्रयोग खोटे नाहीत. काझिलबाशांच्या चित्रात दिसणारी, विसंवाहकाच्या मैदानात उमटणारी धातूची सूक्ष्म डबकी मी कितीदा तरी पाहत बसलो आहे. शीर्षक मात्र प्रत्येक वेळी मोजमापापेक्षा जास्त बोलते.

२०११च्या ‘नव्या दृष्टी’बद्दल थोडे कडक बोलले पाहिजे. त्यात प्रतिकर्षण अधिक चांगले धरणारे मिश्र गणित वापरून गरम अवस्था धातू आणि एम-१ विसंवाहक अशी दोन्ही उत्तरे बरोबर आली. फार कौतुक झाले. पुढच्याच वर्षी ग्राउ-क्रेस्पो आणि सहकाऱ्यांनी त्याच गणितात इलेक्ट्रॉनांच्या स्पिनांना मोकळीक दिली, तर चुंबकी उत्तरे कमी ऊर्जेची निघाली आणि प्रयोगाशी जमलेला मेळ मोडला. म्हणजे बरोबर उत्तर आले होते ते एक दार बंद ठेवल्यामुळे. फट किती इलेक्ट्रॉन-व्होल्टची आली, एवढे जुळवणे म्हणजे पदार्थ समजणे, हा या क्षेत्रातला जुना गैरसमज आहे.

आता सरांच्या प्रश्नाकडे. एम-१मध्ये चुंबक का नाहीत?

याचे उत्तर मला हायड्रोजनच्या रेणूत सापडले. दोन अणू, दोन इलेक्ट्रॉन. हुंड आणि मलिकन यांच्या चित्रात दोन्ही इलेक्ट्रॉन सगळ्या रेणूभर पसरलेल्या एका कक्षकात बसतात. हे पट्ट्यांचे, म्हणजे पायर्ल्सच्या बाजूचे चित्र. यात दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच अणूवर सापडण्याची शक्यता निम्मी. १९२७च्या हाइटलर-लंडन चित्रात प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या अणूपाशी राहतो, फक्त दोघांच्या स्पिनांची गाठ उलट दिशांनी बांधलेली असते. हे मॉटच्या बाजूचे चित्र, आणि यात दोघे एकाच अणूवर सापडण्याची शक्यता शून्य. दोन्ही चित्रांत चुंबकत्व नाही! गाठ बांधलेली जोडी बाहेरून निश्चुंबकच दिसते. म्हणजे चुंबक दिसत नाहीत यावरून मॉट खोटा ठरत नाही आणि पायर्ल्स खराही ठरत नाही. सरांनी विचारले तेव्हा मला एवढे म्हणता आले असते.

किती कोणाच्या बाजूला, हे मोजता येते, आणि त्याला महासंगणक लागत नाही. २००५च्या बियरमान आणि सहकाऱ्यांच्या लेखात जोडीतल्या उडीची ऊर्जा सुमारे ०.७ आणि एकाच अणूवर दोघे आल्याचा दंड ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरला आहे. हे दोन आकडे घेऊन मी वहीत दोन बाय दोनची सारणी मांडली. कर्णावर शून्य आणि ४, बाकी दोन जागी उणे १.४. खालची ऊर्जा येते उणे ०.४४. दोघे एकाच अणूवर असण्याची शक्यता येते ९ टक्के. पूर्ण पट्ट्यांच्या चित्रात ती ५० असती, पूर्ण हाइटलर-लंडनमध्ये शून्य. म्हणजे जोडीतले इलेक्ट्रॉन बरेचसे आपापल्या जागी राहणारे आहेत. आणि गाठ सोडून दोघांना चुंबक व्हायला लागणारी ऊर्जा याच हिशेबात ०.४४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, खोलीच्या तापमानाची उष्णता असते सुमारे ०.०२६. सतरा पट कमी. गाठ सुटणार कशी? खऱ्या स्फटिकात शेजारी आहेत, दुसरे कक्षक आहेत, आकडे हलतील. पण उत्तराची दिशा हलणार नाही असे मला वाटते.

याच कारणाने प्रत्येक अणूला सुटा धरून शेजाऱ्यांना सरासरीत मोजणारे गणित एम-१ची फट उघडू शकत नाही, आणि जोडीलाच एक एकक धरले की ती नीट, सुमारे ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, उघडते. बियरमान आणि सहकाऱ्यांनी हेच केले. पुढे २००८मध्ये टोमचाक, आर्यासेतियावान आणि बियरमान यांनी दाखवले की, अशा रीतीने मिळालेली विसंवाहक अवस्था पुन्हा एका साध्या, परिणामी पट्टा-चित्राने वर्णिता येते. खरी धांदल, इलेक्ट्रॉनांची सतत बदलणारी ओढाताण, धातू अवस्थेत आहे. १९९३चा तो थबकत नसलेला विद्युतरोध इथे येऊन मिळतो.

तरीही माझ्या मते या सगळ्यांत वजनदार लेख २०१६चा, ब्रिटो, आगियार, हाउले आणि कोटलियार यांचा. कारण साधे आहे : त्यांनी गरम अवस्था, एम-१ आणि एम-२ या तिन्ही एकाच गणिताने, एकाच मापाने तपासल्या. एम-२च्या जोडी नसलेल्या अणूंवर निखळ मॉट संक्रमण. जोडीतल्या अणूंवर तेच प्रतिकर्षण, पण स्पिनांच्या गाठीमुळे त्याचे उग्र रूप दिसत नाही. एम-१ला पायर्ल्ससारख्या अवस्थेपासून तुटक सीमा न ओलांडता पोचता येते, हेही ते मान्य करतात. ‘की’ची जागा इथे एका अखंड वाटेने घेतली आहे. १९७५मध्ये दाबाखालच्या स्फटिकाने जे दाखवले होते त्याचे हे गणिती रूप आहे असे मी म्हणेन, आणि पूजे, लोनुआ, राइस यांना श्रेय द्यायला चाळीस वर्षे लागली असेही म्हणेन. या लेखाच्या शीर्षकातही ‘दृष्टिकोन’ आहेच. ती या घराण्याची खूणच झाली आहे.

पण या लेखाकडूनही एक गोष्ट सुटते. अणूंच्या जागा त्यांनी प्रयोगातून घेतलेल्या आहेत. इलेक्ट्रॉन हलतात, अणू हलत नाहीत. म्हणून तीन अवस्थांपैकी प्रत्येक अशी का आहे ते कळते, पण ६८ अंशांनाच का उडी होते ते कळत नाही. तापमानाच्या प्रश्नात एन्ट्रॉपी येते, आणि २०१४मध्ये बुडाई आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवले की धातू होताना वाढणाऱ्या एन्ट्रॉपीचा मोठा वाटा जाळीच्या कंपनांचा आहे, इलेक्ट्रॉनांचा नाही. गरम अवस्थेत अणू सैल, वेड्यावाकड्या लयीत डोलतात, आणि उष्णतेला तेच परवडते. एखाद्या मॉटवाद्याला हे कडू लागेल. किंचित टंगस्टन घातले की हे तापमान झपाट्याने, शेकडा एका अणूमागे वीसएक अंशांनी, खाली येते. खिडक्यांच्या काचांवर उन्हाळ्यात उष्णता परतवणारे लेप करण्याच्या खटपटी याच गुणावर चालल्या आहेत. तापमान इतके हलवता येते आणि तरी कोणत्याही एका सिद्धांतातून ६८ हा आकडा सरळ काढता येत नाही, ही अडचण लेपवाल्यांना जाणवत नाही, मला जाणवते.

वहीतले ते दोन बाय दोनचे पान मी सरांना टपालाने पाठवले. फळ्यावरचे वाक्य चुकीचे होते हेही लिहिले : एम-१ला मॉट विसंवाहकाचे ‘उत्तम उदाहरण’ म्हणता येणार नाही, ती उपाधी द्यायचीच तर एम-२च्या निम्म्या साखळ्यांना द्यावी. आठवड्याने त्यांचा फोन आला. ऐकायला थोडे कमी येते, त्यामुळे ते मोठ्याने बोलतात. “गणित पटलं,” म्हणाले, “पण तुम्ही जोडी आयती घेतलीत. दोन अणू आधीच जवळ आणून ठेवलेत. ते जवळ कोणी आणले?”

तेव्हापासून मी ती नागमोडी साखळी मांडतो आहे, आधी चार अणूंची, आता सहांची, उडीची ऊर्जा अंतरासोबत बदलू देऊन. दोन बाय दोन इथे पुरत नाही. सहा अणूंना चारशेची सारणी लागते, आणि माझा जुना लॅपटॉप ती सोडवतो, पण जाळीची ताठरता किती धरायची यावर सगळे उत्तर झोके घेते.